लुगड्यापासून बाहुलीपर्यंत

फाटलेले कापड टाकून देण्याची रीत महाराष्ट्रातील बहुतेक घरांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नव्हती. नवे लुगडे आधी सणावाराला आणि लग्नकार्याला नेसले जाई. रंग उतरला की ते रोजच्या वापरात येई. मधोमध विरले की विरलेला भाग काढून दोन्ही धड तुकडे जोडत. याला दंड घालणे म्हणत. दंडाचे लुगडेही नेसण्यापलीकडे गेले की त्याची गोधडी होई, मऊ भागाची बाळासाठी दुपटी होत आणि उरलेल्या चिंध्यांतून मुलींची बाहुली निघे. यातून सुटलेले चिरगूट पोतेरे म्हणून जमिनीवर फिरे, नाहीतर काकडा होऊन तेलात जळे. धोतराचा, उपरण्याचा, पागोट्याचा प्रवासही साधारण असाच होता.

या काटकसरीमागे कापडाची किंमत होती. गिरण्या येण्यापूर्वी एका मागाला पुरेल इतके सूत काढायला अनेक चरख्यांवरचे हात राबत आणि कष्टकरी कुटुंबाला वर्षाकाठी एखादे लुगडे, एखादे धोतर घेणेही जड जाई. गिरणीच्या कापडाने भाव उतरले, पण जुन्या कापडाची किंमत मनातून उतरायला आणखी शंभर वर्षे लागली. या शंभर-दीडशे वर्षांतला घरगुती शिवणकामाचा इतिहास मुख्यतः बायकांच्या हातचा आहे. त्याची नोंद वहीखात्यांत फारशी सापडत नाही. ती वस्तूंमध्ये आणि चालीरीतींमध्ये शोधावी लागते.

जुन्या मराठी पोशाखात शिवलेले कपडे थोडे होते. लुगडे, धोतर, उपरणे आणि पागोटे मागावरून उतरले की थेट अंगावर चढत. सुई लागे ती चोळी, बंडी, बाराबंदी, अंगरखा आणि लहान मुलांच्या कपड्यांना. गावगाड्यात शिंप्याची गणना काही याद्यांत अलुतेदारांमध्ये होते. संत नामदेवांचे घराणे शिंप्याचे, म्हणजे हा व्यवसाय तेराव्या शतकाइतका तरी जुना. अंगरखा किंवा बंडी शिंप्याकडे जाई. चोळी मात्र पुष्कळ घरांत बायकाच बेतत आणि शिवत. तिचा खण बहुधा आजच्या कर्नाटकातील गुळेदगुड्डसारख्या विणकरांच्या गावांतून येई आणि त्यातली बोटभर पट्टीही वाया जाऊ नये असा बेत असे. घामाने चोळी बगलेत आधी विरे. तेवढाच भाग उसवून तिथे दुसऱ्या खणाचा तुकडा लावत, आणि रंग जुळला नाही तरी त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.

या शिवणकामाचा सर्वांत मोठा आणि सर्वांत देखणा आविष्कार म्हणजे गोधडी. कोल्हापूर, सांगली, सातारा भागांत तिला वाकळ म्हणतात. कापूस भरलेल्या रजईहून ती वेगळी. गोधडीच्या पोटात कापूस नसतो, जुन्या कापडाचेच थर असतात. नऊवारी लुगडे तिला सर्वार्थाने सोयीचे. सुती, वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले आणि लांबीला आठ मीटरच्या आसपास. चार घड्या घातल्या तरी माणूस पांघरू शकेल एवढा तुकडा हाती येतो. गोधडीचे मापही अशा लुगड्याच्या पन्ह्यावरूनच ठरत आले.

गोधडी घालण्याचे काम उन्हाळ्याचे. शेतीची कामे संपलेली असत, ऊन कडक असे आणि पावसाळ्याच्या आत पांघरुणे तयार व्हायला हवी असत. अंगण सारवून त्यावर तळाचे लुगडे ताणून पसरत आणि चारही कोपऱ्यांवर दगड ठेवत. त्यावर फाटक्या धोतरांचे, पोलक्यांचे, परकरांचे तुकडे असे रचत की कुठे उंचवटा येऊ नये आणि कुठे पोकळ राहू नये. हे रचणे सर्वांत कौशल्याचे. त्यात घाई झाली तर पहिल्याच धुण्यात आतले कापड गोळा होऊन बसते. सर्वांत वर त्यातल्या त्यात धड लुगडे येई, किंवा निरनिराळ्या रंगांची ठिगळे त्रिकोणी-चौकोनी कापून मांडली जात. कडा आत दुमडून चारी बाजूंनी दोन-चार जणी बसत आणि काठापासून आत धावदोरा घालू लागत. एक फेरा पूर्ण झाला की बोटभर अंतरावर दुसरा. असे एकात एक चौकोन आखत सगळ्या जणी मध्याकडे सरकत आणि शेवटचा टाका गोधडीच्या पोटात पडे. टाक्यांची ही दाट रांग नक्षीसाठी घातलेली नसते. सगळे थर एकमेकांना धरून राहतात ते तिच्यामुळे, आणि तिच्यामुळेच सुती कापडाला ती बारीक सुरकुती येते, जिच्यात हवा अडकून ऊब टिकते. सरावाच्या बाईचा टाका मागच्या-पुढच्या बाजूंना सारखा पडतो. गावात कोणाचा हात चांगला हे सगळ्यांना ठाऊक असे आणि लेकीच्या सासरी जायची गोधडी अशा हाताकडूनच घालून घेत.

गोधडीचे वर्षातले दुसरे मोठे काम धुण्याचे. नवरात्रात घट बसण्यापूर्वी घरातले सगळे पांघरूण नदीवर किंवा विहिरीवर नेऊन धुण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात आजही टिकून आहे. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. ती पायांनी तुडवतात, दोघी दोन टोकांना धरून पिळतात आणि खडकावर वाळत घालतात. याच वेळी कुठे टाका सुटला, कुठे वरचे कापड विरले ते दिसते आणि त्यावर नवा थर चढतो. काही गोधड्यांच्या पोटात अशी एकाखाली एक तीन-चार जुनी अस्तरे सापडतात. आजीचे लुगडे, आजोबांचे धोतर, एखाद्या आत्याचा परकर यांचा ठावठिकाणा घरातल्या बायकांना नेमका सांगता येतो. घराण्याची वंशावळ पुरुषांच्या नावांनी लिहिली गेली. बायकांच्या आठवणींना अशी कापडाची जागा मिळाली.

शेजारच्या कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजात या कलेचे एक वेगळे रूप दिसते. पोर्तुगीजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज त्यांच्यात मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांच्यातील अनेकांची बोली कोकणी आहे. त्यांच्या गोधडीला कवंद म्हणतात. जुन्या कपड्यांचे रंगीत तुकडे बेधडक मांडून काठापासून मध्यापर्यंत टाके घालायची पद्धत तीच, पण चारही कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडाची छोटी त्रिकोणी फुले बसवल्याशिवाय कवंद पुरे झाले असे मानत नाहीत. पाळण्यातल्या बाळासाठी छोटे कवंद वेगळे घालतात.

गोधडीचे मोल किती होते हे ती हिरावली गेली तेव्हाच्या प्रसंगांवरून कळते. १८९६ साली मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेग पसरला. संसर्गाच्या भीतीने रोगी सापडलेल्या घरातले अंथरूण-पांघरूण जाळण्याचे किंवा औषधाच्या पाण्यात बुडवण्याचे काम सरकारी पथकांनी हाती घेतले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या अमलाखाली झालेल्या झडत्यांबद्दलचा संताप इतिहासात नोंदला गेला आहे तो मुख्यतः सोल्जरांच्या घरात शिरण्याबद्दल आणि बायकांच्या विटंबनेबद्दल. गरीब घरांतून जळून गेलेल्या गोधड्यांचा हिशेबही त्या दुःखात धरायला हवा. एका दिवसात गेलेले ते पांघरूण पुन्हा जमवायला पुष्कळ वर्षांची लुगडी लागणार होती.

कापड जाळण्याचा दुसरा प्रसंग लोकांनी स्वतःहून पत्करला. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकर आणि त्यांच्या विद्यार्थी सहकाऱ्यांनी टिळकांच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी केली. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला गांधीजींच्या हातून त्याहून मोठी होळी पेटली. जे कापड जाळता ते उघड्या माणसांना का देत नाही, असा प्रश्न तेव्हा उभा राहिला, गांधीजींचे स्नेही चार्ल्स अँड्र्यूज यांनीही या होळीला आक्षेप घेतला आणि गांधीजींनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. चिंधीही न टाकणाऱ्या समाजाने अंगावरचे धड कपडे अग्नीत टाकावेत, यातला त्याग केवढा होता हे त्या घरांतल्या रोजच्या काटकसरीकडे पाहिल्याशिवाय समजत नाही.

जुन्या कापडाचा पहिला हक्क लहान मुलांचा. नवजात बाळाला नवे, खळ असलेले कापड टोचते म्हणून आजीचे लुगडे किंवा आजोबांचे धोतर फाडून लंगोट आणि दुपटी करत. कापड जितके जुने तितके उत्तम. माहेरहून येणाऱ्या बाळंतविड्यात झबली, टोपडी, दुपटी आणि कुंची असे. कुंची ही डोके झाकून पाठीवर लांब उतरणारी टोपी. ती खणाची किंवा रेशमी काठाची शिवत, तिला लेस किंवा जर लावत आणि बारशाला ती आजही आवर्जून घालतात. पाळण्यावर टांगायचे चिमणाळेही घरीच होई. रंगीत चिंध्यांच्या चिमण्या शिवून त्यांत कापूस नाहीतर कतरण भरायचे आणि दोऱ्यात ओवून बाळाच्या नजरेसमोर सोडायचे. मराठी मुलाचे पहिले खेळणे बहुधा अशा चिंध्यांचेच असे.

त्यानंतर बाहुली येई. मानवाकृती घडवण्याची परंपरा या प्रदेशात फार जुनी आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे सातवाहन काळातल्या मातीच्या असंख्य मूर्ती आणि एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आहे. पण माती टिकते, कापड कुजते, म्हणून चिंध्यांच्या बाहुल्यांचा पुरातन पुरावा मिळत नाही. त्यांची माहिती मिळते ती घराघरांतल्या सांगण्यातून आणि करण्याच्या पद्धतीतून.

ही बाहुली करायला कात्री लागत नाही. वीतभर पांढरी चिंधी घ्यायची, मधोमध कापसाचा किंवा कतरणीचा बोळा ठेवून ती त्यावर दुमडायची आणि खाली दोरा आवळायचा, की डोके आणि मान तयार होते. दुसऱ्या चिंधीची घट्ट सुरळी करून ती मानेखाली आडवी घातली आणि वरून फुलीसारखा दोरा गुंडाळला की हात होतात. देशावर कण्यासाठी ज्वारीच्या ताटाची काडी घालत. केसांना काळा दोरा असे, कोकणात नारळाचा काथ्या. डोळे काजळाचे आणि कपाळी खरे कुंकू. अंगात खणाच्या तुकड्याची चोळी आणि त्यावर जुन्या लुगड्याच्या काठाचे लुगडे. काठ हा लुगड्याचा सर्वांत टिकाऊ भाग, बाकी कापड विरले तरी तो शाबूत राहतो. बाहुलीच्या वाट्याला त्यामुळे नेहमी उत्तम काठ येई.

बाहुलीला लुगडे नेसवताना मुलगी निऱ्या काढायला, काष्टा घालायला शिके. चोळी शिवताना टीप, तुरपाई, गुंडी लावणे हात आपोआप शिके. चुकलेला टाका उसवून परत घालायची मुभा बाहुलीच्या कपड्यात होती, वडिलांच्या बंडीत नव्हती. मुलींना शाळा नव्हती त्या काळात शिवणाचे शिक्षण असे खेळातून होई, आणि ते देणारी बहुधा आजी असे. तिच्याकडे वेळही असे आणि जुने कापडही.

बाहुला-बाहुलीचे लग्न हा या खेळाचा परमोच्च सोहळा. दोन घरांतल्या मुली वरपक्ष आणि वधूपक्ष होत, रुमालाचा अंतरपाट धरला जाई, मुंडावळ्या बांधल्या जात, अक्षता पडत आणि भातुकलीच्या भांड्यांत गूळ-चुरमुऱ्यांची पंगत बसे. हौशी घरांत मोठी माणसेही यात उतरत. या खेळाला एक कठोर बाजू होती. एकोणिसाव्या शतकात खेळणाऱ्या मुलीचे स्वतःचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी लागे आणि बाहुली मांडीवर असतानाच ती सून होई. मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ ठरवणारा सारडा कायदा १९२९ साली मंजूर झाला आणि १९३० पासून अमलात आला. घरातल्या रीती बदलायला त्यानंतरही बराच काळ गेला. मुलींचे बाहुलीबरोबरचे बालपण वाढले, ते कायद्याइतकेच शाळेमुळे.

चिंध्यांच्या बाहुलीला बाजारातल्या खेळण्यांचा शेजार पूर्वीपासून होता. जत्रेत लाकडी ठकी मिळे, सावंतवाडीच्या चितारआळीतून रंगीत लाकडी खेळणी येत आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठ्या शहरांत जपानी सेल्युलॉइडच्या बाहुल्या दिसू लागल्या. ही खेळणी कपाटात ठेवायची. निजताना कुशीत घ्यायची ती चिंध्यांचीच.

शिवणाला शाळेत जागा मिळाली ती मिशनऱ्यांमुळे. अमेरिकन मिशनने मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा उघडली आणि मिशनच्या शाळांत लिहिण्या-वाचण्याबरोबर सुईकाम शिकवण्याचा प्रघात पडला. पुढे पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रियांना शिवण-विणकामासह अनेक उद्योग शिकवले. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनातही शिवणाचे वर्ग होते. इथे या कामाचा अर्थ बदलला. सासरी उपयोगी पडणारे कसब विधवेला स्वतःच्या पायावर उभे करणारे साधन झाले. हा बदल गिरणीच्या धुराड्याइतकाच महत्त्वाचा आहे, जरी त्याची चर्चा कमी झाली. १९३० साली किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक निघाले आणि शिवण-विणकामाचे धडे छापील पानांतून घरोघर पोचू लागले.

शिलाई यंत्र या सगळ्याच्या मधोमध आले. आयझॅक सिंगरने १८५१ साली अमेरिकेत पेटंट घेतले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सिंगरची यंत्रे मुंबईच्या बाजारात स्थिरावली. कंपनीचा इथला कारभार नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने वाढवला. हप्त्याने पैसे फेडण्याच्या सोयीमुळे शिंप्यांना यंत्र घेणे जमले. घरांत ते नंतर शिरले, विशेषतः १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंगने ‘उषा’ यंत्रे बनवायला सुरुवात केल्यावर. यंत्रयुगाबद्दल साशंक असलेल्या गांधीजींनीही १९२४ मध्ये शिलाई यंत्राला अपवाद मानले होते. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहून सिंगरने ते बनवले, अशी त्यांची समजूत होती.

यंत्रामुळे काटकसर संपली नाही, तिला वेग आला. दिवाळीला एकच तागा आणून सगळ्या भावंडांचे कपडे एकाच कापडाचे शिवले जात. मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे बेतत, आत दोन बोटे शिलाई दाबून ठेवत आणि दरवर्षी थोडी उसवत. सदऱ्याची कॉलर घासली की ती उसवून उलटी लावत. मध्ये विरलेली चादर उभी फाडून तिचे दोन्ही काठ मधोमध जोडत. थोरल्याची पँट धाकट्याची चड्डी होई आणि चड्डीची शेवटी बाजाराची पिशवी. १९३५ साली प्रसिद्ध झालेल्या साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून नेतो. नवा कपडा त्या काळी केवढी गोष्ट होती हे त्यातून नेमके कळते.

दुसऱ्या महायुद्धात ही सवय सक्तीची झाली. गिरण्यांचे बरेच कापड लष्कराकडे वळले, भाव भडकले आणि १९४३ मध्ये सरकारने कापडावर नियंत्रण आणले. त्या वर्षांत दंडाची लुगडी मध्यमवर्गीय घरांतही परतली.

स्वातंत्र्यानंतर जुन्या कापडाला घराबाहेर जाण्याची नवी वाट मिळाली. डोक्यावर भांड्यांची टोपली घेतलेली बोहारीण दुपारच्या निवांत वेळी दारात येई. हा व्यवसाय करणाऱ्यांत गुजरातेतून आलेला वाघरी समाज प्रमुख होता. साडी, पँट, सदरा तिच्यापुढे टाकला की ती काठ, जर, ठिगळे बोटांनी चाचपून पाही आणि पातेल्याचा आकार ठरे. खऱ्या जरीच्या साडीला वेगळा भाव, कारण जर जाळून चांदी काढता येत असे. स्टीलची भांडी आल्यावर हा सौदा फार लोकप्रिय झाला. मुंबई-पुण्याच्या पुष्कळ स्वयंपाकघरांतली फडताळे जुन्या साड्यांवर भरली. बोहारणीने नेलेले कपडे पुढे निवडले जात. धड असलेले धुऊन, दुरुस्त करून गरिबांच्या बाजारात विकत, बाकीच्या चिंध्या यंत्रे पुसायला कारखान्यांत जात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असे कपडे घेणारा मोठा वर्ग होता.

गोधडीला धक्का बसला तो कापडाच्या जातीमुळे. नायलॉन आणि पुढे टेरिलीनसारखे पॉलिएस्टर स्वस्त झाले, टिकाऊ म्हणून लोकांनी आनंदाने स्वीकारले. पण ते घाम शोषत नाही, धुऊन मऊ पडत नाही आणि थरांत एकमेकांवरून घसरते. त्याच काळात नऊवारीची जागा पाचवारीने घेतली. तळाला अंथरायचे मोठे सुती वस्त्रच घरातून निघून गेले. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, यंत्रमागाचे आणि मिश्र धाग्यांचे कापड सर्वत्र झाले. सोलापुरी चादर आणि कारखान्यातले ब्लँकेट गोधडीच्या जागी आले, प्लॅस्टिकची बाहुली चिंध्यांच्या बाहुलीच्या जागी. रुखवतात मात्र हातच्या वस्तूंचा मान टिकला. कापडी बाहुला-बाहुली आणि सप्तपदीचे देखावे तिथे अजून मांडले जातात.

गेल्या काही वर्षांत गोधडीला नव्याने गिऱ्हाईक मिळाले आहे. बचत गटांच्या प्रदर्शनांत नव्या सुती कापडाच्या गोधड्या, दुपटी आणि कापडी बाहुल्या विकल्या जातात. शहरी लोक आई-आजीच्या साड्या गोधडी घालणाऱ्या बायकांकडे नेऊन देतात आणि ठरलेली मजुरी मोजून गोधडी परत नेतात. मोठी, दाट टाक्यांची गोधडी एका बाईला अनेक दिवस गुंतवून ठेवते. पूर्वी या दिवसांचा हिशेब कोणी मांडत नव्हते. आता गोधडीचा दर ठरवताना माप, थर आणि टाक्यांची दाटी पाहतात, आणि ज्यांचा हात चांगला त्या जास्त पैसे सांगतात.